झोपेचा दाखला

सरकारी नोकर कामावर झोपा काढतात असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. फरक एवढाच, की मला झोपण्यासाठीच पाठवत असत आणि झोप कशी लागली ते नंतर लिहून द्यावं लागे.

मी आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. विहिरींत औषध टाकणं, खाटकाच्या दुकानाला जाळी आहे की नाही पाहणं, जत्रेत कॉलऱ्याची सुई टोचणं ही रोजची कामं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यात एका नव्या कामाची भर पडली. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. उसामागून तेलावर चालणारी इंजिनं आली, पिठाच्या गिरण्या आल्या, कापसातली सरकी काढणारं जिनिंग आलं, खांडसरी साखरेचे छोटे कारखाने आले. आणि त्यांच्यामागून अर्ज आले. 'रात्रौ यंत्राच्या आवाजामुळे झोप येत नाही, तरी मेहेरबान साहेबांनी चौकशी करावी.' हे अर्ज कोणत्या खात्याने घ्यायचे यावर पुष्कळ पत्रव्यवहार झाला. शेवटी झोप ही आरोग्याची बाब आहे असं ठरलं आणि ते माझ्या टेबलावर येऊन पडले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, आवाज मोजायचं काही यंत्र असेल. मुंबईला असेलही. आमच्याकडे कान होते. आमच्या साहेबांनी त्या कानांसाठी कसोट्या ठरवून दिल्या होत्या. पहिली बोलण्याची. चालू इंजिनाजवळ उभं राहून शिपायाला साध्या आवाजात त्याचं नाव-गाव विचारायचं. त्याला ऐकू आलं, तर आवाज बेताचा. माझा शिपाई गणपत हा नेहमी बरोबर उत्तर देई, कारण प्रश्न कधी बदलत नसे. दुसरी पाण्याची. शेजारच्या घरात जमिनीवर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं आणि पाणी थरथरतं का ते पाहायचं. पण सगळ्यांत मोठी कसोटी झोपेची. इन्स्पेक्टरने शेजारच्या वस्तीत रात्रीचा मुक्काम करायचा. त्याला झोप लागली, तर रयतेला लागायला हरकत नाही, असं त्यामागचं तत्त्व.

या तत्त्वात एक खोट होती. मला कुठेही झोप लागते. मोटारीच्या टपावर लागते, कीर्तनात लागते, एकदा साहेबांच्या भाषणात लागली होती. साहेबांनी मला या कामावर नेमलं ते त्यानंतर. ती शिक्षा होती की पारख, हे मला अजून समजलेलं नाही.

पण काम मी मन लावून करत असे. काही दिवसांनी कान असा तयार झाला, की रस्त्यावरून जाताना इंजिन रिकामं चाललंय की दळणावर, हे मला न पाहता सांगता येई. याचा खरा उपयोग एकदाच झाला. बारामतीच्या पेठेत एक निवृत्त हेडमास्तर पिठाच्या गिरणीला लागून राहत होते. गिरणीवाल्याने इंजिनाच्या धुराच्या नळीवर तेलाचा रिकामा डबा उपडा लटकवला होता. त्याचा आवाज वेशीपर्यंत जाई, आणि गिरणी चालू आहे हे बायकांना घरबसल्या कळे. मला वाटलं, डबा काढला की काम झालं.

"डब्याचं काही नाही हो," हेडमास्तर म्हणाले. "तो वाजेल तेवढा वाजू दे. पण मध्येच एक ठोका चुकतो, त्याचं काय? मी अंथरुणावर पडून पुढच्या ठोक्याची वाट बघत राहतो. चुकलेलं वाक्य मुलाने पुरं करावं म्हणून थांबतो ना मास्तर, तसा."

माझ्या कानाने ओळखलं, इंजिन रिकामं चाललं की ठोका चुकतो. मी गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दळण कमी पडलं की इंजान ठोका खातंय. त्याला वझं पायजे. मास्तरांस्नी म्हणावं, रातच्याला पायलीभर ज्वारी धाडा, एक ठोका चुकायचा न्हाय."

आणि हेडमास्तर खरोखरच रात्री दळण पाठवू लागले. प्रकरण मिटलं. माझ्या हातून समाधानकारक रीतीने मिटलेलं एवढंच प्रकरण आठवतं.

इंदापूरला याच्या उलट. तिथल्या जिनिंगवाल्याला मी मोटारीतून उतरायच्या आत कळत असे, कारण कंडक्टर त्याचा मेहुणा. मी मुक्कामाला गेलो की इंजिनाचा हटकून पट्टा तुटायचा. माझ्या तपासणीच्या रात्री इंदापुरात जेवढी शांतता होती, तेवढी त्या गावाने पुन्हा अनुभवली नसेल. दोन-तीनदा असं झाल्यावर लोकच म्हणू लागले, "सायेब, चौकशी नगं, पर तुमी अधनंमधनं नुसतं मुक्कामाला येत जावा."

असे किस्से माझ्याकडे आणखी आहेत, आणि या दिवाळी अंकाच्या संपादकांना तेच हवे होते. मित्रमंडळींत मी ते बरेचदा सांगितलेही आहेत. ते सांगताना एक प्रकरण मी नेहमी गाळत आलो. यंदा ते लिहितो.

अंथुर्ण्याच्या पुढे माळावर खांडसरीचा एक छोटा कारखाना निघाला होता. आता तो बंद पडला, म्हणून एवढं तरी सांगतो. गाळपाच्या हंगामात उसाचा चरक दिवसरात्र चाले आणि तो फिरवणारं इंजिन सगळा माळ हलवून सोडी. त्याच्याविरुद्ध अर्ज आला तो बारामतीच्या एका वकिलांचा. त्यांची तिथे मोसंबीची बाग आणि बंगली होती. मी चौकशीला गेलो. वकीलसाहेबांनी बासुंदीचं जेवण दिलं, गादी दिली, वर पांघरायला शाल दिली. सकाळी उठून बघतो, तर वकीलसाहेब डोळे तारवटून खुर्चीत बसलेले.

"काय ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. झोप उत्तम लागली."

"लागणारच! अहो, तुम्ही घोरत होता! रात्रभर मला इंजिन ऐकूच आलं नाही!"

"मग तेवढाच आपल्याला आराम," मी म्हणालो.

ते भडकले. बासुंदी खाल्लेल्या माणसाची झोप हा पुरावा होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. कारखान्याला सर्वांत जवळ जे राहतात त्यांना विचारा, म्हणाले. कायद्याने त्यांचं बरोबर होतं. मी गेलो.

सर्वांत जवळ एकच वस्ती होती, दोघा धनगर भावांची. थोरला धुळाआबा आणि धाकटा म्हाकू. बापाच्या वेळी मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडणारं घर. कालवा आल्यावर आबाने थोडी जमीन धरली आणि खोपट बांधलं. मेंढरं मात्र ठेवली होती. रात्री ती माळावरच, सुताच्या जाळ्याचं कुंपण घालून त्यात बसवत. त्या जाळ्याला ते वाघर म्हणतात. आबाची कारभारीण, आबा आणि पोरं खोपटात निजत. लग्न न झालेला म्हाकू मेंढरांपाशी जागायचा. माळावर लांडगा होता.

मी दिवस मावळायच्या आधी पोहोचलो आणि ठरलेला प्रश्न विचारला. "आबा, या इंजिनाने रात्री झोप लागते का?"

आबा हसला. "झोप? लागती की! लई लागती. पयल्यापरीस जास्त. पाळण्यात घातल्यावानी हुतंय." मग म्हणाला, "पर सायेब..."

त्या 'पर'च्या पुढे तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

आता इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. कुठेही लिहिलेली नाही, पण सगळे पाळत होते. अहवाल मी रात्र व्हायच्या आधी लिहीत असे. कंदिलाच्या उजेडात डोळे दुखतात. शिवाय मला झोप लागणार हे ठरलेलंच असे, मग सकाळपर्यंत थांबायचं कशाला? त्या दिवशी कारखान्याची जीप इंदापूरला निघाली होती. मी आबाच्या दारात बसून लिहिलं आणि ड्रायव्हरच्या हाती टपाल दिलं. मजकूर मला पाठ आहे. 'सर्वांत जवळच्या वस्तीत स्वतः मुक्काम केला. रात्रभर गाढ झोप लागली. इंजिनाजवळ उभे राहून साधारण आवाजात बोलता येते. रहिवाशांची तक्रार नाही, उलट पूर्वीपेक्षा झोप अधिक लागते असे ते सांगतात.'

आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आवाजाने नव्हे. थंडी विलक्षण होती आणि आबाने दिलेली घोंगडी माझ्या पायांना पुरेना. शेवटी उठलो आणि म्हाकूच्या शेकोटीपाशी जाऊन बसलो. उजाडेपर्यंत आम्ही दोघे तिथेच होतो. म्हाकू मोठा बोलका गडी.

"पुण्यात बी लोकांची झोप मोजत्यात व्हय, सायेब?"

"मोजतात."

"मंग आमच्या वयनीची मोजा एकदा. दादा हाक मारून मारून दमतोय."

त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी भिगवणकडची. मुलीच्या बापाने एकच गोष्ट विचारली होती म्हणे, पोरगा रातचा जागा ऱ्हातो का? त्यांच्यात मुलाची परीक्षा यात असते. ते सांगताना त्याची छाती फुगली होती. आम्ही बोलत होतो ते एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, घसा ताणून. ही गोष्ट माझ्या कानांच्या लक्षात आली नाही, आणि या कानांचा मी पगार घेत होतो.

फटफटल्यावर म्हाकू उठून वाघरीच्या पलीकडच्या अंगाला गेला आणि तिथेच खाली बसला. जाळं लोळवलेलं होतं. काही मेंढरं फाडून टाकलेली, काही ओढून नेलेली. राखणीच्या कुत्र्याच्या मानेतून रक्त गळत होतं. म्हणजे कुत्रं भुंकलं होतं, झुंजलं होतं. मेंढरं ओरडली असणार. आबाच्या लाडक्या बकऱ्याच्या गळ्यातली घंटा वाजली असणार. हे सगळं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर झालं आणि दोन जागी माणसं लग्नाच्या गप्पा मारत राहिली.

तेव्हा मला आबाचं झोपेचं उत्तर उमगलं. पूर्वी मेंढरू खोकलं तरी त्याला जाग येई. आता येत नव्हती. ज्या माणसांचं पोट रात्री ऐकण्यावर चालतं, त्यांना मी विचारत होतो, झोप लागते का.

आबा खोपटातून धावत आला. त्याने मेलेली मेंढरं पाहिली, घंटेचा बकरा पाहिला, आणि म्हाकूकडे वळला.

"निजलास."

"न्हाय दादा."

"मुडद्या, निजल्याबिगार हे हुतंय? घंटी ऐकू आली न्हाय तुला?"

"आयच्यान न्हाय निजलो. सायेब हुतं की संगं. इचार त्यांस्नी."

आबा माझ्याकडे वळला. रागातही त्याने डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "सायेब, तुमी सांगा. जागा हुता का ह्यो?"

'होय' म्हणायला काही लागत नव्हतं. पण होय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. जागे होता, तर ऐकू कसं आलं नाही? त्याचं उत्तर आमच्या पाठीमागे धडधडत होतं. आणि 'रात्रभर गाढ झोप लागली' हे वाक्य, माझ्या सहीनिशी, जीपमधून इंदापूरला पोचलं होतं. ते खरं ठरायचं तर मला झोपणं भाग होतं.

"मला काही सांगता येणार नाही, आबा," मी म्हणालो. "मला डोळा लागला होता."

म्हाकू माझ्याकडे नुसता बघत राहिला. रागाने नव्हे. आपलंच काही चुकलं असेल का, असं माणूस बघतो तसा.

पुढचं थोडक्यात सांगतो. भिगवणचं स्थळ मोडलं. राखणीला निजणारा म्हणून म्हाकूचं नाव झालं, आणि ते नाव धनगरवाड्यांतून त्याच्या आधी पोचत असे. आबाने त्याला मेंढरांना हात लावू दिला नाही. मला चैन पडेना, म्हणून मी कारखान्याच्या मॅनेजरला शब्द टाकला. मॅनेजर माझ्या अहवालावर खूश होता. त्याने म्हाकूला लगेच ठेवून घेतलं, इंजिनाच्या तेलपाण्यावर. पाळी रात्रीची. झोपाळू म्हणून घरातून काढलेल्या माणसाला मी रात्रभर जागण्याचं काम मिळवून दिलं, आणि आपण त्याची भरपाई केली असं पुष्कळ दिवस समजत होतो. साहेबांना अहवाल आवडला. असा मुद्देसूद अहवाल लिहावा म्हणून त्याची नक्कल दुसऱ्या तालुक्यांना गेली. वकीलसाहेबांनी मोसंबीची बाग विकली.

पुढे माझी नेमणूक देवी टोचण्यावर झाली. तिथेही आरडाओरडा असतो, पण त्याचा अहवाल कुणी मागत नाही. कारखाना बंद पडायच्या आधीच्या हंगामात टोचणीच्या फेरीत मी अंथुर्ण्याला गेलो, आणि टोचणी आटोपल्यावर पाय आपोआप माळाकडे वळले. आबा दारात चातीवर सूत कातत बसला होता. मेंढरं उरली नव्हती. कुंपणाला वांगी लावली होती. मी घोंगडीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अहवाल, शेकोटी, खोटं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जपलेली गोष्ट इतकी लहान होती याचंच नवल वाटलं.

आबाची चाती थांबली नाही. ती फिरवतच तो म्हणाला, "हे तवाच सांगितलं असतं तर?"

"तर चौकशी झाली असती. कदाचित रात्रीचं इंजिन बंद ठेवायला लावलं असतं."

"आन आता सांगून काय बंद करायचं?"

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही 'पर सायेब' म्हणालात आणि मी पुढे ऐकलं नाही. काय सांगणार होता?"

त्याने आठवून पाहिलं. "काय की बा. च्या घेता का, म्हणलो आसंन."

मग चाती खाली ठेवून तो कारखान्याकडे बघत बोलला. आवाज चढला नाही. "मी भावाच्या तोंडात मारली सायेब, त्या दिशी. तुमी बघितली न्हाय, तवर तुमी पिशवी भरत हुता. मला सांगून काय उपेग? त्याला सांगा. आन जरा मोठ्यानं सांगा. त्याला ऐकाया येत न्हाय आता."

कारखाना चालू होता. म्हाकूची त्या आठवड्यात दिवसाची पाळी होती. इंजिनाच्या शेडमध्ये तो तेलाचा बोळा घेऊन उभा होता. वयाच्या मानाने केस फार लवकर गेले होते. मला ओळखून त्याने हात जोडले.

"म्हाकू, त्या रात्री तू झोपला नव्हतास," मी म्हणालो. आणि साधारण आवाजात म्हणालो.

त्याने कानामागे हात धरला. मी आवाज चढवला. त्याने मान हलवली आणि कान माझ्या तोंडाशी आणला. इंजिनाजवळ उभे राहून साधारण आवाजात बोलता येते, असं लिहून देणारा मी, तिथे उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "तू झोपला नव्हतास! लांडगे आले त्या रात्री! मी पण जागा होतो! मी खोटं बोललो!"

चरकात ऊस घालणारे दोघे वळून बघायला लागले.

म्हाकूने हात पुसले. मग कमी ऐकणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "न्हवतो निजलो?"

मी मान हलवली.

"मला तर आता खरंच वाटाया लागलं हुतं, सायेब. आसंन लागला डोळा. समदी म्हणत्यात तर आसंन." तो थोडा हसला. "दादाला सांगितलं?"

"सांगितलं!"

"काय म्हणला?"

"मोठ्यानं सांग म्हणाला!"

म्हाकूने मान डोलावली. मग चरकावरच्या त्या दोघांना हाताने खूण करून बोलावलं. ते आले. माझ्यासमोर उभे राहिले.

"आता ह्यांच्या म्होरं सांगा," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. सांगताना घसा फाटला आणि मध्येच खोकला आला. म्हाकूने पाणी दिलं आणि मी थांबलो तिथून पुढे सांगायची खूण केली. झाल्यावर ते दोघे म्हाकूकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मला वाटलं, संपलं.

शेडच्या दुसऱ्या टोकाला, भट्टीपाशी, एक म्हातारा चिपाडं ढकलत होता. त्याच्या कानावर काहीच गेलं नव्हतं.

"त्यो ऱ्हायला की, सायेब," म्हाकू म्हणाला.

मी भट्टीकडे चालू लागलो.